कुलपातलं ऊन

आगाशीच्या हिरामण राऊतांच्या घरात दागिन्यांना नव्हतं, पण बॅटरीला कुलूप होतं.

मुलगा मयूर याने शिमग्याच्या सुमारास छपरावर सोलर पॅनल बसवले आणि ओटीवरच्या कपाटात बॅटरी ठेवली. त्याच संध्याकाळी हिरामणांनी कपाटाला वडिलांच्या वेळचं पितळी कुलूप ठोकलं. घरात वीज सोडायचं बटण आत आणि किल्ली हिरामणांच्या करगोट्याला. भरलेलं राखावं, अडीनडीला काढावं, हा त्यांचा धर्म.

"बाबा, रोज यूज करा ना! ऊन फुकट जातंय."

"उधळायची लई घाई तुला. नेत्राच्या साखरपुड्याला लागंल."

मुलगी नेत्रा हिच्या होणाऱ्या सासरच्यांना साखरपुड्यासाठी विरारला हॉल हवा होता. "आगाशीत लाइट जाते हो," असं व्याही जयवंतराव म्हणाले आणि हिरामण पेटले. "माझ्या अंगनात अंधार झाला, तर राऊत नाव लावनार नाही!"

तेव्हापासून बॅटरी देवघरापेक्षा सोवळ्यात गेली. संध्याकाळी वीज जायची, घरचे घामाघूम बसायचे आणि कपाटाच्या फटीतून हिरवा दिवा मजेत चमकायचा. दिवसभर केळीच्या वाडीत राबून आले की हिरामण आधी फटीला डोळा लावत. "फुल्ल! थेंबभर कमी नाय."

"हिरामन, वीज हाय का लोनचं?" शेजारचा आलोशियस कुंपणावरून विचारायचा.

साखरपुड्याच्या संध्याकाळी अंगण माणसांनी भरलं. नवऱ्या मुलाने अंगठीची डबी उघडली आणि अख्ख्या आळीची वीज गेली.

"झालं!" अंधारातून जयवंतराव म्हणाले. "मी सांगत होतो."

हिरामण तर याच क्षणाची वाट पाहत होते. ते ऐटीत उठले, हात कमरेला गेला आणि तिथेच राहिला. नव्या कपड्यांबरोबर आज करगोटाही नवा होता. जुना, किल्लीसकट, मोरीत राहिला होता.

मयूर मोबाइलचा उजेड पाडत मोरीत धावला आणि हात हलवत परत आला. पाहुणे येणार म्हणून आत्याने मोरी घासली होती आणि तो काळा दोरा किल्लीसकट गटारात सोडला होता.

मग हातोडा आला. हिरामणांनी पहिला घाव अंगठ्यावर घातला, दुसरा कपाटावर. आलोशियसने कोयता आणला, त्याची मूठ निघाली. कुलूप मात्र वाडवडिलांची अब्रू राखत घट्ट बसून राहिलं.

"हॉलमध्ये जनरेटर होता," जयवंतरावांच्या पत्नी हळूच म्हणाल्या. ते हळूच सगळ्यांना ऐकू गेलं. नेत्रा मान खाली घालून बसली होती. पोरीच्या सासरी आपलं नाव कायमचं अंधारात जाणार, हे हिरामणांना दिसत होतं.

तेवढ्यात त्यांची बायको यशोदा पाटावरून उठली. मंगळसूत्राला अडकवलेली पिन तिने सोडवली, पिनेतून एक किल्ली काढली आणि कुलपाला लावली. खट्! दिवे, पंखे, माळा, सगळं एकदम लागलं. टाळ्यांच्या कडकडाटात नेत्राच्या बोटात अंगठी गेली.

"बघा, जयवंतराव!" हिरामणांची छाती फुगली. "शिमग्यापासून राखलीय!" आणि मग त्यांना आठवलं. "यशोदे, तुझ्याकडं किल्ली कशी?"

"पहिल्याच आठवड्यात दुसरी करून घेतली."

"रोज दुपारी आम्ही सगळ्याजनी हितंच असतो," आलोशियसची बायको जुलियाना कौतुकाने म्हणाली. "मिक्सर काय, टीव्ही काय! पंख्याखाली झोप पन मस्त लागते."

"पन मी रोज बघायचो! फुल्ल असायची!"

"तुम्ही वाडीतून यायच्या आत सूर्य भरून ठेवतो," यशोदा म्हणाली. "विहीर रोज उपसता ना? आटली का कधी?"

जयवंतराव पोट धरून हसले. "राऊत, लग्नपण इथंच! फक्त किल्ली आमच्या विहीणबाईंकडे असू द्या."

दुसऱ्या दिवशी हिरामण मुद्दाम दुपारीच वाडीतून परतले. कुलूप खुंटीला लटकत होतं आणि पंख्याखाली आळीतल्या बायका ओळीने झोपल्या होत्या. ते उंबऱ्यावर टेकून घाम पुसू लागले.

"उद्या लवकर या," यशोदा कूस बदलत म्हणाली, "जागा धरून ठेवते."