ज्याची चिठ्ठी, त्याचं दप्तर

आमच्या शेजारच्या अण्णांच्या लॅपटॉपवर गॅसच्या शेगडीलासुद्धा स्वतंत्र फोल्डर आहे. आत शेगडीचा फोटो आणि दुरुस्तीवाल्याचं कार्ड. बाहेर त्याच नावाची नोटपॅडची चिठ्ठी: 'शेगडी. बटण दाबून फिरवणे.' घरातल्या प्रत्येक गोष्टीची अशी एक चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीला आपलं फोल्डर.

अण्णांनी जन्मभर कन्नड तालुक्याच्या कचेरीत दप्तर सांभाळलं. काकूंना हल्ली विसर पडतो, म्हणून या चिठ्ठ्या, एवढं मला ठाऊक होतं. पण दर रविवारी मी दात घासत असतानाच हाक येते, "सुधीर, काय करायलास? ये की, दोन मिनिटांचं काम हाय." ती दोन मिनिटं जेवणाच्या वेळेला संपतात. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या कपबशांचा फोटो 'शहागंज'मध्ये जावा की 'कपबशा'मध्ये, यात एक अख्खा रविवार गेला. मी वैतागून म्हणालो, "सगळे फोटो एकत्रच ठेवा ना!"

"नाय, नाय. ज्याची चिठ्ठी, त्याचं दप्तर. मिसळायचं नाय."

का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक तास गेला असता.

गेल्या रविवारी मी फार थकलो होतो. अण्णा दूध आणायला खाली गेले, तेवढ्यात मी सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले आणि घरी येऊन झोपलो.

दुपारी काकूंचं रडणं ऐकू आलं. धावत गेलो. शेगडीचा फोटो शोधताना त्यांच्या भावाचा हार घातलेला फोटो समोर आला होता. "माझा दादा गेला? मला कुणीच कसं सांगितलं नाय?"

दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

अण्णा मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "दर वेळी तिला नव्यानंच कळतं रे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी एकेक फोटो जागच्या जागी ठेवला. काकू तोवर सगळं विसरल्या होत्या. चहाला उठल्या आणि मला पाहून थबकल्या. "हे कोण?"

"'शेजारी' उघड," अण्णा हळूच म्हणाले.

काकूंनी लॅपटॉपवर त्या नावाची चिठ्ठी आणि फोल्डर उघडलं. फोल्डरमध्ये माझा एकच फोटो होता. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'सुधीर. आपलाच आहे. याला घाबरू नये. साखर कमी.'

काकूंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि हसल्या.

"साखर कमी ना रे, सुधीर?"