बिनपंख्याचा परण्या

आधीच सांगून ठेवतो, माझं टाळकं अजून सरकलेलं आहे. मध्येच कुणी "मग काय झालं, अप्पा?" असं विचारलंत, तर गोष्ट तिथंच बंद!

कोल्हापुरात गाड्या पुष्कळ. पण गाडी म्हणावी अशी एकच, ती माझी. इंग्रज गेला त्या साली ही इथं आली, आणि त्याच्यामागोमाग जायला हिनं साफ नकार दिला. हिरवीगार, उघड्या टपाची, नंदीसारख्या डोळ्यांची. भोंगा असा, की मी एकदा पन्हाळ्यावर वाजवला तर गंगावेशीतल्या म्हशींनी धार सोडली. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा!

एवढ्या देखण्या गाडीचा राग येणारं माणूस जगात एकच, आणि ते माझ्याच घरात. थोरली बहीण, आक्का. तिच्या नातवाचं, यशराजचं, लग्न ठरलं तसं तिनं बजावलं, "अप्प्या, ते खटारं आणायचं न्हाय. मागच्या लग्नात नवरदेवाला ढकलाय लावलंतंस!"

मी छातीवर थाप मारली. "आक्का, यशराजचा परण्या माझ्याच गाडीतनं निघंल. वाटंत थांबली, तर उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलीव!"

"बोलीवतीच की," आक्का म्हणाली आणि माझ्यादेखत भंगारवाल्याचा नंबर फोनमध्ये भरून घेतला.

परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवानं वाजतगाजत मारुतीच्या पाया पडून यायचं. कार्यालयापासून देऊळ हाकेच्या अंतरावर. पण पुढं पोरं नाचायला लागली, की गोगलगायसुद्धा भोंगा वाजवून पुढं निघून जाते. आणि एवढ्या संथ चालीत जुन्या इंजिनाला वारा घालणारा एकटा कोण? तर रेडिएटरच्या पाठीमागं फिरणारा पंखा. त्याला मी आठवडाभर तेलपाणी केलं होतं, पाती पुसली होती. स्वतःच्या पोरांना मी कधी इतकं पुसलं नाही!

आणि तिथं माझा पुतण्या सम्राट कडमडला. वय पन्नास, अक्कल अजून बालवाडीत! सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधून झाले, तर हा म्हणतो, "गाडीलाबी मान पायजे की!" बॉनेटच्या टोकावर त्यानं झकास गुलाबी फेटा बांधला. त्याचा शेमला वाऱ्यावर उडायला लागला. उडू द्यायचा ना! ह्या शहाण्यानं तो बॉनेटच्या फटीतून आत खोचला. आत! थेट पंख्याच्या तोंडात!

परण्या निघाला. मी चाक धरलेलं, शेजारी आक्का आरतीचं ताट घेऊन, मागं मुंडावळ्या बांधलेला यशराज. बँड तापला, पोरं नाचायला लागली, आणि पुढून आवाज आला, "खर्रर्र... खट्याक!"

डोळ्यांदेखत अख्खा फेटा बॉनेटमध्ये शिरला. उसाचं कांडं चरकात जावं तसा! पाठोपाठ पंख्याची पाती एकेक करून खालून रस्त्यावर टणाटण पडली.

"कसला आवाज ग बाई?" आक्का.

"बँडवाल्याची झांज पडली," मी.

इंजिनाच्या तापाचा काटा चढायला लागला. थांबावं, तर आक्काचा अंगठा फोनवर. हळू जावं, तर इंजिनाची चूल. राहता राहिला एकच उपाय. पंखा वारा घालत नाही ना? मग आपण वाऱ्यात जायचं! गाडी पळवली की वारा आपोआप लागतो. घातला गियर आणि दाबला पाय!

नाचणारी पोरं टणाटण उड्या मारत बाजूला झाली. बँडवाल्यांनी बिदागी घेतलेली. ते इमानानं वाजवत पाठीमागं पळत सुटले. एका ढोलवाल्याला ढोलामुळं पुढचा रस्ता दिसेना, तो थेट रसवंतीगृहात घुसला आणि तिथं वाजवत राहिला. मारुती आला आणि गेला!

"अप्पा, देऊळ!" यशराज ओरडला.

"चालत्या गाडीतनं हात जोड! देव समजून घेतोय!"

"अप्प्या, थांबीव गाडी!" आक्का.

"थांबणार न्हाय म्हणजे न्हाय! शब्द दिलाय!"

फुलेवाडी मागं पडली, गगनबावड्याचा रस्ता लागला. काटा सुरसुर खाली आला. मी सुखानं मिशीवरून हात फिरवला. पण गाडी वळवून पुन्हा कार्यालयाजवळ आणली, तर दारात ही गर्दी! वेग कमी झाला, की काटा पुन्हा वर. मारला भोंगा, आणि मांडवासमोरून सुसाट पुढं! अक्षता हातात घेतलेली माणसं बघतच राहिली. एका म्हातारीनं तर माझ्यावरच अक्षता टाकल्या.

इकडं नवरीकडच्यांत हलकल्लोळ. नवरदेव पळाला! मागं यशराजचा फोन वाजला. नवरी, तेजस्वी.

"अगं मी न्हाय पळालो!" हा रडकुंडीला. "मला पळवलंय! अप्पांनी!"

तेवढ्यात नवरीचे वडील, वारणेकडचे हंबीरराव, आपली नवीकोरी पांढरी गाडी घेऊन माझ्या बरोबरीला आले. काच खाली करून गरजले, "आवं अप्पासाहेब! रुसलाय व्हय? मानपानात काय कमी पडलं?"

"काय सुदीक न्हाय! बाजूला व्हा!"

"मग पायजे तरी काय तुमास्नी?"

"वारा!" मी बोंबललो. "वारा पायजे!"

हंबीरराव लालबुंद झाले. "म्हंजी एसी गाडी मागताय व्हय? ऐन मुहूर्ताला? लाज वाटती का, पावणं?"

आता हे काय बोलणं झालं? आमच्या घराण्यात कुणी कुणाकडं सुतळीचा तोडा मागितला नाही! मीही चिडून चार शब्द सुनावले. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. आक्काच्या हातातली निरांजनंसुद्धा त्या शब्दांनी विझली. हंबीररावांनी सरळ गाडी पुढं काढली आणि रस्त्यात आडवी घातली.

दाबला ब्रेक. गाडी थांबली. आणि मग रेडिएटरचं झाकण असं उडालं, की अजून खाली आलेलं नाही! वाफेचा फवारा उठला, भांडायला खाली उतरलेल्या हंबीररावांचा फेटा भिजून मानेवर उतरला, आणि रंकाळ्यावरचे बगळे धुकं पडलं समजून झोपायला गेले.

आक्कानं शांतपणे फोन काढला.

"आक्का!" मी हातच जोडले. "थांबली न्हाय! थांबीवली! ह्या पाव्हण्यानं थांबीवली! हाय का न्हाय, हंबीरराव?"

"मीच थांबीवली," हंबीरराव चेहरा पुसत गुरगुरले. "आन् तुमालाबी थांबीवलं आसतं!"

आक्कानं शेवटी फोन कमरेला खोचला. "गाडी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. गाडी वाचली! मी बॉनेटला मिठी मारली. पोळलो, पण मारली!

यशराजला हंबीररावांच्या गाडीतून मांडवात पोचवलं, अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगतीत मी झाला प्रकार सगळ्यांना रंगवून सांगत होतो. पंखा मोडल्यावर थांबता येईना, हळू जाता येईना, अशा पेचात माझ्याजागी दुसरा कुणी असता तर रडला असता वगैरे. नवी नातसून तेजस्वी वाढत होती. जिलेबी पानात टाकताना सहज म्हणाली,

"अप्पा, इंजिन बंद करायचं की. परण्याच्या चालीनं ढकलाय पन्नास पोरं पुढं नाचतच हुती. गाडी थांबलीबी नसती आन् तापलीबी नसती."

अख्ख्या पंगतीनं मान डोलावली. सम्राटसुद्धा मान हलवत होता. सम्राट!

आक्का उठली, माझ्या कनवटीची गाडीची चावी काढली आणि नातसुनेच्या हातात ठेवली. जिलेबी तेवढी मी खाल्ली. रागानं खाल्ली!