नाव कापायचं नाही

आमच्या सोसायटीतले नवगावकर वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीही युवक नेते होते. दर दुसऱ्या रविवारी सकाळी ते गळ्यात शिट्टी अडकवून जिना उतरत. खांद्याला पिशवी, पिशवीत हवा काढलेला व्हॉलीबॉल आणि सायकलचा पंप, काखेत हिरव्या पुठ्ठ्याचं लांबट हजेरीपुस्तक. खालच्या मजल्यावर नागपूरकडची तीन सॉफ्टवेअरवाली मुलं राहत. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की हे कुठल्या तरी शाळेतले पीटीचे सर आहेत आणि रविवारी सुट्टी असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

युवक नेत्याचं हे वय नव्हे, असं मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. मी कोथरूडमध्ये राहतो. तोंडावर सांगण्याबद्दल आमच्याकडे कुणी माफी मागत नाही.

"दुसरा कुणी मिळेपर्यंत मीच," ते म्हणाले. "बावीस वर्षांचा असल्यापासून हेच म्हणतोय."

अब्राहम एलियाहू नवगावकर हे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. वाडवडील अलिबागच्या बाजूला तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. नवगावकर पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्यात कॉम्प्युटर आला, ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेला आणि नवगावकर घरी आले. त्याच सुमाराला मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. दोन रिकामी माणसं एका जिन्यावर असली की ओळख व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या ओळखीची सुरुवात मात्र माझ्या चुकीने झाली. त्यांच्या दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक पितळी डबी तिरकी बसवलेली होती. मी ती बेल समजून दाबली. वाजेना, म्हणून आणखी दोनदा दाबली. मग नवगावकरांनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, की हिच्यात आमची पवित्र वचनं आहेत, हिला जाता-येता हात लावून तो ओठांना लावायचा असतो. "तुम्ही तीनदा लावलात. ओठांचं राहिलं." बेल दुसऱ्या बाजूला होती. ती बंद होती.

शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत ते प्रवास करत नसत, म्हणून सगळ्या स्वाऱ्या रविवारी. तरुणपणी ते ठाण्याला जात, पेणला, पनवेलला, अलिबागला, आणि एकदा तर अहमदाबादेपर्यंत जाऊन आले. आपल्या समाजाची तेरा ते वीस वयाची पोरं जिथे असतील तिथे जायचं, शिट्टी फुंकायची, गाणी म्हणायची, प्रार्थना शिकवायच्या, व्हॉलीबॉल खेळायचा. मोठ्या गावांत कालांतराने इतर कार्यकर्ते तयार झाले. नवगावकरांनी ती गावं त्यांना देऊन टाकली. "तिथली पोरं एकमेकांना भेटतात. मी जातो ते जिथे पोर एकटं आहे तिथे."

असं एकटं पोर शेवटी एकच उरलं. रेवदंड्याची शेरॉन. बाकीची कुटुंबं एकेक करून इस्राएलला गेली होती. ह्या एका मुलीसाठी नवगावकर स्वारगेटहून पहिली एसटी पकडून घाट उतरायचे आणि संध्याकाळी परत चढायचे.

"एका मुलीसाठी?" मी विचारलं.

"एक म्हणजे शून्य नव्हे, सबनीस," ते म्हणाले. हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणत. लिफ्टसाठी सोसायटीच्या सभेत आम्हा दोघांखेरीज एकच हात वर झाला, तेव्हाही म्हणाले होते.

त्यांच्या पत्नी रिबेकावहिनींना मात्र हे गणित मान्य नव्हतं. मुलगा इस्राएलात अश्दोदला होता, तिकडे नातू चालायला लागला होता, आणि मुलाने कागदपत्रं तिसऱ्यांदा पाठवली होती. नवगावकर दर वेळी ती कपाटात ठेवत. वहिनींनी एकदा माझ्यादेखत विषय काढला.

"तुमचं ठरलंय तरी काय?"

"कोकणात आपलं एक पोर आहे तोवर मी इथे. ते गेलं की दुसऱ्या दिवशी पासपोर्ट काढतो."

"सबनीस भावजी, तुम्ही साक्षीला आहात," वहिनी म्हणाल्या. मी चहा पीत होतो. साक्षीदार असेच होतात.

मग एका रविवारी एसटीचा संप झाला. नवगावकर शिट्टीसकट माझ्या दारात उभे राहिले आणि माझ्या मारुतीकडे बघून काहीच बोलले नाहीत. ह्या माणसाला मागता येत नसे. घाटात त्यांनी मला तीनदा सांगितलं, की गाडी छान चालवता. तेही खरं नव्हतं.

रेवदंड्याला शेरॉनच्या घरापुढच्या अंगणात बरोबर अकरा वाजता शिट्टी वाजली. सतरा-अठराची मुलगी ओढणी कमरेला बांधून रांगेत उभी राहिली. एकटीच होती, तरी रांगेत उभी आहे हे कळत होतं. आधी व्हॉलीबॉल झाला. जाळ्याच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी होती. एका बाजूला शेरॉन, दुसऱ्या बाजूला युवक नेते. मग प्रश्नमंजूषा. बक्षिसं तीन आणली होती, ती तिन्ही तिलाच मिळाली. तिसरं घेताना ती जरा नाराज दिसली.

आणि मग हजेरी. मला वाटलं, एका नावाला कितीसा वेळ लागणार. नवगावकरांनी हिरवं पुस्तक उघडलं आणि पहिलं नाव वाचलं: "अब्राहम एलियाहू नवगावकर." मग स्वतःच हात वर करून "हजर" म्हणाले. त्यानंतर एकेचाळीसपर्यंत नावं वाचत गेले. गेल्या चौतीस वर्षांत ह्या बाजूच्या गावांतून हजेरीला आलेलं प्रत्येक पोर त्यात होतं.

"दानिएल शमुएल रोहेकर."

"दिमोना," शेरॉन म्हणाली.

"डायना मोझेस पेणकर."

"बेर शेवा."

"सॉलोमन एझ्रा चौलकर."

"लोद. पण अंकल, त्याचं लग्न झालं, आता अश्दोदला आहे."

नवगावकरांनी खिशातून पेन्सिल काढून गाव बदललं. तिला एकोणचाळीस जणांचे ठावठिकाणे पाठ होते. त्यांतल्या निम्म्यांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. एकेचाळिसावं नाव तिचं. "हजर," ती म्हणाली आणि मग ओढणी सोडून आत चहा टाकायला गेली.

मी परतीच्या वाटेवर म्हणालो, "गेलेल्यांची नावं काढून टाका की. अर्धा तास वाचेल."

"नाव कापायचं नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने, वडखळच्या अलीकडे असावं, त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय हो?"

"विश्वनाथ. का?"

"असंच."

आणखी चार वर्षं ते असेच जात राहिले. बरेचदा माझ्या मारुतीतून, कारण मलाही रविवारी दुसरं काही नव्हतं, आणि शेरॉनची आई नारळाच्या दुधातलं कालवण फार चांगलं करायची. हजेरी सुरू झाली की मी त्याच्या वासावर आत जाऊन बसे. शेरॉन अलिबागला कॉलेजात गेली, कॉम्प्युटर शिकली, आणि एके दिवशी हिंजवडीच्या एका कंपनीतून तिला नोकरीचं पत्र आलं. आईने नवस बोलला होता, म्हणून घरी मलिद्याचा विधी झाला. गोड पोहे, वर खोबरं आणि फळं ठेवलेलं मोठं ताट मध्ये ठेवून नवगावकरांनी प्रार्थना म्हटली. आवाज नेहमीसारखाच होता. पोहे मात्र त्यांनी द्रोणातच ठेवले.

ते स्वतः तिच्या अर्जासाठी पुण्यात चार ठिकाणी फिरले होते, हे मला शेरॉननेच सांगितलं. म्हणजे ती पुण्याला आली की आपल्याला जावं लागणार, हे ठाऊक असून फिरले होते. मला त्यांचा त्या दिवशी रागच आला. मी गाडीत तसं म्हणालोही.

"मग काय तिला तिथेच एकटी ठेवू?" ते म्हणाले. "माझी हजेरी चालू राहावी म्हणून?"



वहिनींवर साक्षीदाराला बोलवायची वेळ आली नाही. पुढच्या आठवड्यात नवगावकर पासपोर्टच्या रांगेत होते. जाताना त्यांनी पितळी डबी काढून बरोबर घेतली, व्हॉलीबॉल खालच्या नागपूरकर मुलांना दिला आणि मला म्हणाले, "जिन्यातला दिवा सात वाजता लावत जा. तुम्ही विसरता." नातवाला बघायला निघालेला माणूस रिक्षात बसताना इतका गप्प असू नये. रिक्षा गेली आणि मी वर येऊन त्यांची बंद बेल उगाच दाबून पाहिली.

तीन-चार महिन्यांनी शेरॉन आली. तेव्हा ती कर्वेनगरला खोली घेऊन राहत होती. तिला रविवारी सकाळी दोन तास सोसायटीचा हॉल हवा होता. वारजे आणि बाणेरच्या नव्या सोसायट्यांत मुंबई-ठाण्याहून नोकरीसाठी आलेली आपली काही कुटुंबं आहेत, त्यांच्या पोरांना इथे कुणी ओळखत नाही, असं ती म्हणाली. सेक्रेटरी मी. किल्ली माझ्याकडे. त्या रविवारी मी हॉल उघडून द्यायला गेलो आणि ती म्हणाली, "काका, हजेरीपर्यंत थांबा."

सहा पोरं होती. दोघांनी कानांतल्या वायरीसुद्धा काढल्या नव्हत्या. शेरॉनने शिट्टी फुंकली. शिट्टी तीच होती. मग हिरवं पुस्तक उघडलं.

"अब्राहम एलियाहू नवगावकर."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेरॉनला उत्तर ठाऊक होतं, पण ती पुस्तकातून मान वर करेना. तिच्याने ते होणार नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"अश्दोद," मी म्हणालो. ह्या गावाचं नाव मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने उच्चारलं, आणि मला माझा शेजारी फार आठवला.

पुढची नावं तिने वाचली आणि तिनेच उत्तरं दिली. पोरांना गंमत वाटायला लागली. दिमोना, बेर शेवा, पुन्हा अश्दोद. एकेचाळिसाव्याला ती स्वतः "हजर" म्हणाली. मी किल्ली घेऊन उठलो.

"मुकुंद विश्वनाथ सबनीस," ती म्हणाली.

मी पुस्तकात डोकावलो. बेचाळिसावं नाव माझं होतं. नवगावकरांच्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात, एसटीच्या संपाच्या त्या रविवारची तारीख घालून लिहिलेलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कोथरूड. गाडी आहे. सांगितलं की येतो.'

सहाही पोरं वळून माझ्याकडे बघत होती. मी परत खुर्चीवर बसलो.

"हजर," मी म्हणालो.