चांदीच्या वाडग्यातलं सॅलड

"अगं, सगळी भांडी खरकटी होती. हा एकच स्वच्छ दिसला," मायलो म्हणाला.

हा एकच म्हणजे त्याची बायको आर्लीन हिला कादंबरीसाठी मिळालेला मानाचा पुरस्कार होता. अस्सल चांदीचा वाडगा, वर तिचं नाव कोरलेलं. नवरोबांनी त्यात बटाट्याचं सॅलड कालवलं, काल चर्चच्या जेवणाला नेलं आणि हात हलवत परत आले. आज चार वाजता प्रकाशकांचा फोटोवाला मिनियापोलिसहून यायचा होता. पुरस्काराला नऊ वर्षं झाली होती आणि नव्या कादंबरीची एक ओळही कागदावर उतरली नव्हती. निदान वाडगा तरी दाखवता आला असता!

चर्चच्या स्वयंपाकघरावर व्हर्नाचं राज्य. आर्लीनने तिला गाठलं.

"तो होय! उरलेल्या सॅलडसकट म्हाताऱ्या हालवरकडे पाठवला. बायको गेल्यापासून, सिग्रिड गं, बिचारा डबाबंद सूप पितोय. पण काय गं, वाडग्यावर नावाची पट्टी नको?"

"नाव कोरलंय, व्हर्ना."

"कोरलेलं कोण वाचतंय? चिकटपट्टी लावावी माणसानं."

हालवरच्या टेबलावर वाडगा लखलखत होता. आर्लीनने तो घ्यायला हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने तो छातीशीच धरला.

"रिकामा नेतेस? पंचावन्न वर्षांत या घरातून रिकामं भांडं गेलेलं नाही. बस. सफरचंदाचा मुरंबा करतो."

"येतो तुम्हाला?"

"सिग्रिडला यायचा. मी बघायचो."

पहिलं पातेलं करपलं. दुसऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं. ढवळता ढवळता हालवर बोलत होता. "तिची गाय मी विकली, तर अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी गाय घेऊनच आली."

"कुठून?"

"तेच तर तिनं कधी सांगितलं नाही!"

फोन वाजला. मायलो किंचाळत होता, "फोटोवाला आलाय! काय सांगू?"

"कॉफी दे त्याला," आर्लीन म्हणाली, आणि हाताला लागलेल्या पाकिटाच्या पाठीवर लिहायला लागली. पाकीट भरलं, तेव्हा तिने हालवरकडे आणखी कागद मागितले. "हं, मग? गाय आल्यावर?"

तिसऱ्या पातेल्याचा मुरंबा जमला, तोवर फोटोवाला कंटाळून गेला होता. संध्याकाळी संपादकबाईंनी फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"फोटो नाही," आर्लीन म्हणाली. "पण अकरा पानं झालीत."

"कशाची?"

"एका गाईची."



रविवारी आर्लीनने वाडगा हालवरकडे पाठवला, आत ती अकरा पानं घालून. त्याच्या गोष्टीला त्याची परवानगी नको? रात्रभर तिला धाकधूक होती. सोमवारी वाडगा परत आला. कोरलेल्या नावावर चिकटपट्टी होती, तिच्यावर ठळक अक्षरांत 'आर्लीन', आणि आत सफरचंदांवर एक चिठ्ठी:

"गाय तांबडी नव्हती, काळी होती. बाकी बरोबर. पुढची पानं पाठव, वाडगा रिकामा पाठवू नकोस."