मारोतरावांचा उजेड

कुणाशीही बोलायच्या आधी मारोतराव त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत. "मानूस दिसला नाई तं बोलाव कोनासंग?" तहसीलदारसाहेबही त्यातून सुटले नाहीत. एकदा भर मांडवात नवरीचीच हनुवटी धरली, तेव्हा मात्र वरबाप काठी शोधू लागला होता.

बाभुळगावात लग्न असो की नाटक, गॅसबत्त्या मारोतरावांच्या. आमच्या हौशी मंडळीत मी प्रॉम्प्टर, आणि ते स्वतःच्या मते नाटकाचे मालक. "तुमी कितीबी बोंबला, उजेड नाई तं तुमाले पाह्यते कोन?" असं राजाला तोंडावर सुनावत. राजा उलटून बोलला की बत्ती प्रधानाकडे फिरायची.

त्या वर्षी आम्ही यवतमाळच्या स्पर्धेत उतरलो. आईचं काम आमचा नारायण शिंपी करी. लुगडी घरोघरून मागून आणायची रीत होती. मरणाच्या प्रवेशासाठी जुनं लुगडं मारोतरावांनी आपल्या पेटीतून काढून दिलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

प्रवेश सुरू झाला. नारायण खाटेवर पडला आणि बत्त्या हळूहळू मंदावू लागल्या. आईनं मान टाकली तेव्हा तिच्या कपाळावर जेमतेम पिवळा उजेड उरला होता. सगळा मंडप रडत होता. परीक्षकांनी प्रकाशयोजनेचं पहिलं बक्षीस, चांदीचं पदक, मारोतरावांना दिलं.

दुसऱ्या दिवशी अभिनंदन करायला गेलो, तर स्वारी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी थट्टेनं हनुवटी धरली. त्यांनी हात झटकला.

"नोका पाहू, मास्तर. मले लय लाज वाटून राह्यली. कायची योजना अन् कायचं काय! बत्तीत हवा माराचीच राह्यली माह्याकून. नारायण ते लुगडं नेसून आला, अन् मी पाह्यतच राह्यलो."

मी खो खो हसलो, आणि हसता हसता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पदक परत करतो म्हणाले, पण मंडळींनी गावाच्या अब्रूची शपथ घातली. पुढचा प्रयोग कळंबला. "अगदी तस्संच करा," सगळ्यांनी बजावलं. मारोतराव खाली मान घालून हो म्हणाले.

मरणाचा प्रवेश आला आणि हे जे हवा मारत सुटले! बत्त्या अशा फुसफुसू लागल्या की आईचे शेवटचे शब्द कुणाला ऐकू येईनात. लख्ख उजेडात नारायणची मिशीची हिरवट जागा दिसली आणि लोक हसत सुटले. आम्हाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

पडदा पडल्यावर मी तावातावानं विंगेत गेलो. मारोतराव लुगड्याची घडी घालत होते.

"पदक घेऊन जा, मास्तर. पन तिच्यावरचा उजेड मी कमी करत नाई. ती गेली तवा घरातल्या चिमनीत घासलेट नव्हतं. मले तिचं तोंडबी पाह्याले भेटलं नाई."

मी आपणहून तोंड बत्तीकडे केलं.