एकतीस टक्के

सकाळी आठला दिपेशनं नव्या विजेच्या गाडीला चार्जर लावला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी सगळ्या कात्रप भागाची लाईट गेली. गाडीच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा होता एकतीस. शुक्रवारी लाईट जाते हे बदलापुरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण आदल्या दिवशी चार्जरसमोर पाहुण्यांचा टेम्पो उभा होता, आणि "सकाळी लावू" म्हणायला दिपेशचं काय जात होतं?

आज त्याच्या बहिणीचा, जिज्ञासाचा, साखरपुडा होता. साडेबाराला उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या हॉलवर पोचायचं होतं. नवरी याच गाडीतून जाणार, हा दिपेशचा हट्ट. ही गाडी घ्यायला त्यानं वडिलांना, हरिचंद्रना, त्यांची बावीस वर्षांची डिझेल जीप विकायला लावली होती. त्याला तीन आठवडे झाले, पण हरिचंद्र नव्या गाडीत एकदाही बसले नव्हते. उलट जीप घेणाऱ्या शेजारच्या कल्पेशशी त्यांनी बोलून ठेवलं होतं: आज नवी गाडी वाटेत बंद पडली, तर ती विकायची आणि जीप परत.

हॉल तेरा किलोमीटरवर. एकतीस टक्क्यांत तीनदा जाऊन येता आलं असतं. दिपेशनं हिशेब चार वेळा केला आणि चारही वेळा त्याला घाम फुटला.

"दिपेस," सखूआजी मिक्सर काखोटीला मारून खाली आली. "तुजी गारी घराला लाईट देते बोललास ना?"

बोलला होता. तीन आठवडे दुसरं काहीच बोलत नव्हता. छताला काच, थंड हवा सोडणाऱ्या सीटा, नऊ सेकंदांत शंभरचा वेग, आणि वायर जोडली की गाडीतून घराला वीज.

"फक्त चटणी हां, आजी."

चटणी झाली. मग पाहुण्यांच्या साड्यांना इस्त्री झाली. मग आजीनं घरघंटी खाली उतरवायला लावली, कारण संध्याकाळी चाळीस माणसांना तांदळाची भाकर घालायची होती आणि पीठ दळायचं राहिलं होतं. दिपेश गाडीत बसून आकडा बघत होता. सव्वीस. चोवीस. वीसवर गाडीनं आपणहून वीज तोडली, तेव्हा त्याला तिचा मुका घ्यावासा वाटला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून किंकाळी आली. जिज्ञासाचे केस उजवीकडे सरळ झाले होते, डावीकडे कुरळे होते, आणि पार्लरवाली अस्मिता हातात थंड मशीन घेऊन उभी होती.

"दादा! मी अशी जाऊ?"

"अगं, लिमिट आहे ती!"

"ती सेटिंगमधून कमी होते. तूच दाखवलंस ना मला!"

दाखवलं होतं. दिपेशनं मर्यादा खाली ओढली. डावी बाजू होईपर्यंत घरघंटीही पुन्हा सुरू झाली होती.

साडेअकराला गाडी निघाली, तेव्हा आकडा होता अकरा. दिपेशनं एसी बंद केला. सीटांची थंड हवा बंद केली. गाणीही बंद केली.

"गाणी किती खातात रे?" जिज्ञासा पदरानं वारा घेत म्हणाली. तिच्या कपाळावरचा मेकअप भुवयांकडे निघाला होता.

"बोलू नकोस. मला टेन्शन येतं."

नऊ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी वीसनं चालली होती. अंबरनाथला एमआयडीसीतून येणाऱ्या रिक्षांनी तिला ओव्हरटेक केलं. मागून जीप येत होती. ती कल्पेश चालवत होता आणि शेजारी हरिचंद्र बसले होते.

"ढकलू कं?" त्यांनी खिडकीतून विचारलं. दिपेशनं दात खाल्ले.

बारा पंचवीसला गाडी हॉलच्या दारात उभी राहिली. सहा टक्के! दिपेश उडी मारून उतरला. "बाबा, पोचली!"

हरिचंद्र काही बोलायच्या आत आतून होणारे व्याही धावत आले. इथंही लाईट नव्हती. जनरेटर खोकून गप्प पडला होता, माईक मुका होता आणि दोनशे माणसं पत्रिकांनी वारा घेत होती.

"हरीशेठ, आलात, बरा झाला! तुमची गारी लाईट देते ना?"

दिपेश चमकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी म्हंजे? तुजे बाबांनी! तीन आठवडे रोज फोन. छताला काच, सीटा थंड, नऊ सेकंदांत शंभर. मना सगला पाठ झालाय."

दिपेशनं वडिलांकडे पाहिलं. हरिचंद्र हॉलवरचं तोरण निरखत होते.

"बाबा, सहाच टक्के राहिलेत," दिपेश हळूच म्हणाला.

"मंग? पोरगी पोचली ना? लाव वायर."

माईक बोलू लागला, दोन कूलर फिरले, अंगठ्या घातल्या गेल्या. शेवटचा फोटो निघाला तेव्हा गाडीच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं, कासवाचं चित्र आलं, आणि मग तेही गेलं.

कल्पेश जीपला दोर बांधत म्हणाला, "काका, बंद पडली. आता ठरल्याप्रमाणं..."

"वाटंत बंद परली कं?" हरिचंद्र कडाडले. "सगला काम करून परली."

लाईट असलेली चार्जिंगची जागा अर्ध्या किलोमीटरवर होती. हरिचंद्रनी नव्या गाडीचं पुढचं दार उघडलं, पहिल्यांदाच आत बसले, सीट मागं सरकवली आणि छताच्या काचेकडे बराच वेळ बघत राहिले. दिपेशनं स्टिअरिंग धरलं. दोर ताणला गेला तसे हरिचंद्र खिडकीतून डोकं काढून ओरडले,

"ए कल्पेस! जीप सावकास चालव. मागं चांगल्या गारीत मानसं बसलीत."