झेंड्यामागचे चौदा जण

"तुम्ही फक्त माझ्या पाठीवरचा झेंडा बघायचा! घड्याळ बघायचं नाही, रस्ता बघायचा नाही, डोकं तर मुळीच चालवायचं नाही!"

शर्यतीच्या आदल्या दिवशी विमा कचेरीतले हेडक्लार्क आपल्या गटाला असं बजावत होते, तेव्हा त्यांची छाती चांगली दोन इंच पुढे आली होती. पोट तर आधीपासूनच पुढे होतं! एकवीस किलोमीटर अडीच तासांत पुरे करू पाहणाऱ्यांचे ते पेसर. पाठीवर वेळ लिहिलेला झेंडा बांधायचा, नेमक्या वेगाने धावायचं आणि मागच्यांना वेळेत पोचवायचं, एवढंच काम. पण हेडक्लार्कांना ते थेट सेनापतिपद वाटत होतं.

गटात चौदा जण, त्यातली एक त्यांची बायको. तिची ही पहिलीच शर्यत. अडीच तासांच्या आत आली, तरच तिला धावपटू मंडळात प्रवेश मिळणार होता, आणि तिला तो मनापासून हवा होता. सहा महिने ती रोज पहाटे नवऱ्याच्या मागे धावली होती. बुटाच्या नाडीपासून श्वासापर्यंत त्यांच्या वहीतल्या एक्केचाळीस सूचना तिने तोंडपाठ केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क आले ते कमरेला चार बाटल्या, मनगटावर घड्याळ आणि डोक्यावर पट्टी अशा थाटात. सुरुवातीच्या रेषेपाशी कोणीतरी धावताना ताकद यावी म्हणून चोखायच्या गोड जेलची पाकिटं फुकट वाटत होतं. हेडक्लार्कसाहेबांनी तीन उचलली आणि तिथेच रिकामी केली.

"अहो, सूचना क्रमांक सात! शर्यतीच्या दिवशी नवं काही पोटात घालायचं नाही!"

"ती नवशिक्यांसाठी आहे गं!"

चौदाव्या किलोमीटरला पोटात गुरगुरलं. पंधराव्याला पोटाने शेवटची नोटीस दिली! हेडक्लार्कांनी घाम पुसत डावीकडच्या गल्लीत पाहिलं. दातांच्या दवाखान्याचं दार उघडं होतं. ते वळले आणि सुसाट सुटले. आयुष्यात इतक्या वेगाने ते कधी धावले नव्हते.

मागून चौदाच्या चौदा वळले!

"काय वेग घेतलाय बघा साहेबांनी!" कोणीतरी कौतुकाने ओरडलं.

दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशी दचकून भिंतीला टेकल्या. "अगं बाई! एवढ्या सगळ्यांचे दात एकदमच दुखायला लागले?"

"संडास!" हेडक्लार्क किंचाळले.

मावशींनी फडक्यानेच दिशा दाखवली. हेडक्लार्क आत घुसले, पण झेंड्याची काठी चौकटीत अडकली. धड आत नाही, धड बाहेर नाही! बाहेर गट जागच्या जागी धावत होता, कारण थांबायचं नाही ही सूचना क्रमांक बारा.

"अहो, हा कुठला रस्ता?"

"रस्ता नाहीये हा! तुम्ही सगळे परत फिरा!"

"पण झेंडा जाईल तिकडे जायचं, असं तुम्हीच—"

"मग झेंडा घेऊन जा! आधी ती गाठ सोड! लवकर सोड गं!"

गाठ साहेबांनी स्वतः मारलेली, दुहेरी. बोटांनी सुटेना. शेवटी तिने दात लावले आणि एका हिसक्यात सोडवली.

"दात उत्तम आहेत हो तुमचे!" मावशी म्हणाल्या.

धाडकन दार लागलं. बाहेरून बायकोचा आवाज आला, "चार मिनिटं गेली," आणि तो आवाज रडवेला होता. मग पावलं दूर गेली. आत बसलेल्या हेडक्लार्कांना पोटापेक्षा ते जास्त लागलं. तिच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर आपण तीन फुकट पाकिटांपायी पाणी फिरवलं! आजवर त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

ते खुरडत शेवटच्या रेषेपाशी पोचले, तेव्हा मांडवाच्या खुर्च्या उचलणं चाललं होतं. गटातले सगळे गळ्यात पदकं घालून बसले होते. बायको झेंडा सांभाळत धावतच पुढे आली.

"दोन तास एकोणतीस मिनिटं! सगळेच्या सगळे! आणि मंडळात नाव घेतलं माझं!"

हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. घसा खाकरून ते गटाकडे वळले. "शेवटी मार्गदर्शन कुणाचं?"

"तुमचंच की!" बायको म्हणाली. "सहा महिने तुमच्या मागे धावायचं म्हणजे पाय किती आवरून टाकायला लागायचे! आज तुम्ही आत होतात, म्हणून जरा मोकळं धावता आलं."